सशाची पिल्ले हवीत? आधी हिशेब करा

वार्षिक परीक्षा संपली की पुष्कळ घरांत एखाद्या नव्या प्राण्याचे आगमन होते. कुत्रा नको, तो भुंकतो आणि चावतो. मांजर नको, ते दूध सांडते. मग ससा आणू या, असे ठरते. ससा आवाज करीत नाही, दिसायला गोजिरवाणा असतो आणि पाला खाऊन राहतो, एवढीच माहिती घरच्यांना पुरेशी वाटते. दुकानदार म्हणतो, "जोडीच न्या, एकटा ससा झुरून मरतो." आपण जोडी आणतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी एके दिवशी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात केसांचा पुंजका दिसतो आणि त्या पुंजक्यात काहीतरी वळवळत असते.

या लेखात सशाची निगा कशी राखावी हे मी सविस्तर सांगणार नाही. त्यावर पुस्तके आहेत, आणि मोबाईलवर चित्रफितीही आहेत, बऱ्या आणि वाईट दोन्ही. मला जो प्रश्न विचारायचा आहे तो त्याच्या आधीचा आहे. घरी पाळलेल्या सशांची पिल्ले आपण होऊ द्यावीत का? आणि होऊ द्यायची असतील, तर त्यांच्याबद्दलची आपली जबाबदारी कधी सुरू होते? पिल्लू जन्मल्यावर, की त्याच्याही आधी?

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. ससा कळपाने राहणारा प्राणी आहे आणि सोबत त्याला हवीच असते. परंतु सोबत म्हणजे नर आणि मादी असे काही नाही. आणि सशाच्या बाबतीत नर-मादी एका पिंजऱ्यात ठेवणे याचा अर्थ एकच होतो. तो का, हे पाहण्यासाठी या प्राण्याच्या शरीराची थोडी ओळख करून घेऊ.

प्रथम एक गोंधळ दूर करू. आपल्या माळरानात, शेताच्या बांधावर जो भुरा, लांब पायांचा ससा संध्याकाळी टुणकन उडी मारून पळतो, तो काळ्या मानेचा भारतीय ससा. घरात पाळला जातो तो त्याच्याच कुळातला असला, तरी वेगळ्या प्रजातीचा. त्याचे मूळ घर युरोपच्या नैऋत्य टोकाला, स्पेन-पोर्तुगालकडे आहे. रानातला आपला ससा बीळ करीत नाही. गवतात बसका खळगा करून राहतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात आणि त्यांचे डोळे उघडे असतात. पाळीव सशाची पिल्ले मात्र उघडी, आंधळी, बोटाएवढी जन्मतात. पाळीव सशाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, रानसशाच्या पेशीत ४८. या दोघांचा संकर होत नाही. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे त्याची पिल्ले सापडली म्हणून घरी आणून पाळणे हा गुन्हा आहे. येथून पुढे ससा म्हटले की तो पाळीवच समजावा.

गाय, कुत्री, शेळी यांच्या मादीला माजाचा ठराविक काळ असतो. त्या काळात अंडाशयातून अंडी सुटतात. सशाच्या मादीत अशी पाळी नाही. तिच्या अंडाशयात पक्व अंडी जवळजवळ नेहमीच तयार असतात, आणि नराशी मीलन झाले की त्याच्या उत्तेजनेने सुमारे दहा ते बारा तासांनी ती सुटतात. नर जवळ आला की अंडी तयार, असा हा हुकमी कारभार आहे. गर्भावधी अवघा ३० ते ३२ दिवसांचा. एका वेतात चार ते आठ पिल्ले सहज होतात, कधी दहा-बाराही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. नर पिंजऱ्यातच असेल, तर एका वेताला पाजत असतानाच दुसरे वेत तिच्या पोटात वाढू लागते. लहान जातींची पिल्ले चार महिन्यांच्या आतबाहेर वयात येतात, मध्यम जातींची पाचव्या महिन्यापर्यंत. त्यांना भाऊ-बहीण, आई-मुलगा हे नाते कळत नाही.

असे शरीर निसर्गाने का घडवले असेल? कोल्हा, मुंगूस, गरुड, घुबड, सगळ्यांचे भक्ष्य असलेल्या प्राण्याला टिकून राहायचे तर मरणाऱ्यांपेक्षा जन्मणारे अधिक हवेत. रानात हा हिशेब शत्रू सांभाळतात. घरात कोल्हा नसतो, आणि अडचणीला तेथूनच सुरुवात होते.

गणिताच्या पुस्तकात तुम्ही फिबोनाचीची श्रेणी वाचली असेल: १, १, २, ३, ५, ८, १३... पिसा येथील या गणितज्ञाने १२०२ साली लिहिलेल्या ग्रंथात सशांचेच उदाहरण घातले होते. एक जोडी दरमहा एक नवी जोडी जन्माला घालते, नवी जोडी दुसऱ्या महिन्यापासून वीण सुरू करते आणि एकही ससा मरत नाही, असे धरले तर वर्षाअखेर किती जोड्या होतील? उत्तर ३७७. खरा ससा असा जोडी-जोडीने वागत नाही. तो वयात यायला अधिक वेळ घेतो आणि एका वेतात अधिक पिल्ले देतो. तेव्हा आपण आपल्याच घरचे उदाहरण घेऊ, आणि तेही सौम्य.

समजा, जानेवारीत तुम्ही एक प्रौढ जोडी आणली. मादी फेब्रुवारीपासून दर दोन महिन्यांनी व्याली, म्हणजे फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर. दर वेताला सहा पिल्ले, तीन नर, तीन माद्या. मादी वयाच्या सहाव्या महिन्यात पहिल्यांदा व्याली आणि पुढे तीही दर दोन महिन्यांनी व्याली. आता वहीत मांडा. आईची सहा वेते, ३६ पिल्ले. फेब्रुवारीत जन्मलेल्या तिघी ऑगस्ट, ऑक्टोबर व डिसेंबरमध्ये व्याल्या, ५४ पिल्ले. एप्रिलमधल्या तिघी ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये, ३६. जूनमधल्या तिघी डिसेंबरमध्ये, १८. एकूण १४४, आणि मूळची जोडी धरून १४६ ससे. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या नाती अजून वयात यायच्या आहेत. त्यांची पाळी पुढच्या फेब्रुवारीत.

तुम्ही म्हणाल, असे प्रत्यक्षात होत नाही. अमक्याच्या घरी दोन वर्षे जोडी आहे आणि ससे तीनच आहेत. बरोबर आहे. परंतु १४६ मधून तीन उरायचे असतील, तर मधली वजाबाकी कशी झाली हे विचारायला नको का? काही पिल्ले थंडीने गेली. काही आईने खाल्ली. काही उपाशी राहून गेली. काही नर एकमेकांशी भांडून जखमी झाले. काही मांजराने नेली, काही दुकानदाराला परत दिली, काही 'सोडून दिली'. घरोघरी ही वजाबाकी चालते आणि कोणी तिची नोंद ठेवीत नाही. गणितात वजाबाकीला वेदना नसते. येथे प्रत्येक वजा केलेला आकडा हा भूक, तहान आणि भीती कळणारा सस्तन प्राणी आहे.

त्यातील एक मोठी वजाबाकी तर आपल्या चांगुलपणामुळेच होते, म्हणून तिच्याजवळ थोडे थांबू.

सशाची मादी पिल्लांजवळ बसून राहत नाही. व्यायच्या सुमारास ती स्वतःच्या छातीचे-पोटाचे केस उपटून घरटे करते, पिल्ले त्यात ठेवते आणि निघून जाते. त्यानंतर बहुधा चोवीस तासांतून एकदा, तेही रात्री किंवा पहाटे, ती येते, तीन ते पाच मिनिटे पाजते आणि पुन्हा दूर जाते. रानातल्या बिळात याला अर्थ आहे. आई घरट्यापाशी जितकी कमी, तितका शत्रूला वास कमी. परंतु घरातल्या मुलांना वाटते, आईने पिल्ले टाकली. मग पिल्ले उचलून कापसात ठेवली जातात आणि ड्रॉपरने गाईचे दूध पाजले जाते. सशाच्या दुधात स्निग्धांश बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास असतो, गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. प्रथिनेही तिप्पट किंवा त्याहून अधिक. म्हणूनच तर दिवसातून एकदा पिऊन त्या पिल्लांचे भागते. गाईच्या दुधाने त्यांची भूक भागत नाही, आणि ड्रॉपरचा थेंब चुकून श्वासनलिकेत गेला की पिल्लू दुसऱ्या दिवशी दगावते. आई आहे आणि धडधाकट आहे, तर पिल्लाचे पोट पाहावे. सकाळी ते टम्म गोल असेल आणि पिल्लू उबदार असेल, तर आई रात्री येऊन गेली आहे. पोट खपाटीला आणि कातडी सुरकुतलेली दिसली तर मात्र पशुवैद्याकडे धाव घ्यावी.

आणि आई पिल्ले खाते हे ऐकून तिला राक्षसीण ठरवू नका. पहिलटकरीण असणे, तहान, सतत डोकावणारी माणसे, भुंकणारा कुत्रा, दोन वेतांत अंतर न मिळाल्याने झालेली झीज, अशी कारणे त्यामागे असतात. त्यांतली बहुतेक आपण निर्माण केलेली असतात.

आता जगलेल्या पिल्लांकडे वळू. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ती पेटीबाहेर येतात. सशाच्या पिल्लाहून सुंदर गोष्ट शोधून सापडणार नाही, हे मीही मान्य करतो. आठ आठवड्यांनी ती आईपासून वेगळी करता येतात. प्रश्न येथे येतो: जातील कोठे?

नीट निगा राखलेला ससा आठ ते दहा वर्षे जगतो, काही बारा वर्षेही. तुम्ही आज आठवीत असाल, तर या महिन्यात जन्मलेले पिल्लू तुमची दहावी, बारावी आणि पदवी पाहील. कदाचित तुम्ही नोकरीसाठी परगावी गेल्यावरही ते पिंजऱ्यात असेल. तुमच्या वर्गातील ज्या सहा जणांनी "मला एक दे ना" म्हणून हात वर केला, त्यांपैकी किती जणांनी हा हिशेब केला आहे? त्यांच्या घरी विचारले आहे का? मे महिन्यात गावी जाताना सशाला कोण पाहणार? प्रत्येक सशाला रोज मूठभर नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या आकाराएवढा ढीग गवत लागते. गाजर हे त्याचे अन्न नव्हे. चित्रातल्या सशाने आपला फार मोठा गैरसमज करून दिला आहे. त्याचे दात जन्मभर वाढत असतात, पटाशीचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि ते झिजण्यासाठी तंतुमय गवत तासन् तास चघळावे लागते. त्याच्या अंधनालातील जीवाणू ते गवत आंबवतात. तेथे तयार झालेल्या मऊ गोळ्या ससा पुन्हा खातो आणि जीवनसत्त्वे मिळवतो. हे किळसवाणे नाही, ही त्याची पचनाची दुसरी फेरी आहे. ही सारी यंत्रणा नाजूक असते. ससा अर्धा-पाऊण दिवस काही खात नसेल तर तो आजारी आहे असेच समजावे. आपल्याकडे सर्रास दिले जाणारे अॅमॉक्सिसिलिनसारखे औषध तोंडावाटे दिले, तर पोटातले उपयोगी जीवाणू मरून ससाच दगावू शकतो. सशाचे आजार जाणणारा पशुवैद्य मोठ्या शहरातही शोधावा लागतो. तालुक्याच्या गावी गाई-म्हशींत गुंतलेल्या डॉक्टरांना त्यासाठी दोष देता येणार नाही.

शिवाय आपला उन्हाळा. सशाला घाम येत नाही म्हटले तरी चालेल. शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो. हवा तीस अंशांच्या वर गेली की त्याला त्रास सुरू होतो. जळगाव, अकोला, नागपूर, चंद्रपूर येथे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली ठेवलेल्या पिंजऱ्यात काय होत असेल याची कल्पना करा, आणि त्यातून मादी गाभण असली तर! दोन सशांसाठी घरातला गारवा, ओले गोणपाट, वारंवार बदललेले पाणी हे जमते. वीस सशांसाठी जमत नाही.

राहता राहिले 'सोडून देणे'. टेकडीवर, बागेत, मंदिराच्या आवारात ससा सोडून दिला म्हणजे त्याला स्वातंत्र्य दिले, अशी काहींची समजूत असते. पांढऱ्याशुभ्र, माणसाळलेल्या सशाला कुत्रे आणि घारी यांच्यापासून लपणे माहीत नसते. बहुतेक वेळा त्याचे स्वातंत्र्य एका रात्रीचे ठरते. कायद्याच्या नजरेतही हा गुन्हा आहे: १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, उपासमार वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे ही क्रूरता म्हणून गणली आहे.

आणि जेथे सोडलेले ससे मरत नाहीत, तेथे काय होते? पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी मदेरेजवळच्या पोर्तो सांतो या छोट्या बेटावर वसाहत केली. बेटाचा पहिला प्रमुख पेरेस्त्रेलो याने बरोबर आणलेली सशाची एक मादी आणि जहाजावरच जन्मलेली तिची पिल्ले तेथे सोडली. बेटावर त्यांचा शत्रू नव्हता. थोड्याच वर्षांत सशांनी पिके आणि झुडपे एवढी फस्त केली की वसाहतकऱ्यांना काही काळ बेट सोडावे लागले. त्याच सशांच्या वंशजांविषयी पुढे डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे. ऑस्ट्रेलियाची कथा तर प्रसिद्धच आहे. १८५९ साली टॉमस ऑस्टिन याने व्हिक्टोरियातील आपल्या इस्टेटीवर शिकारीसाठी इंग्लंडहून मागवलेले दोन डझन ससे आणले. पन्नास वर्षांत त्यांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात तीन हजारांहून अधिक किलोमीटर लांबीची कुंपणे घातली, ती अपुरी पडली. १९५० मध्ये मायक्सोमा विषाणू सोडून कोट्यवधी सशांना रोगाने मारावे लागले. ससे आजही तेथे आहेत. पेरेस्त्रेलो आणि ऑस्टिन या दोघांचाही हेतू वाईट नव्हता. शेवट कोठे होईल याचा विचार न करता त्यांनी सुरुवात केली, एवढेच.

आता जरा जीवशास्त्राच्या वहीकडे या. भाऊ-बहीण ससे एकत्र ठेवले आणि त्यांना पिल्ले झाली, तर काय बिघडते? प्रत्येक प्राण्यात काही अप्रभावी दोषी जनुके लपलेली असतात. जोडीतले एक चांगले जनुक त्यांना झाकून टाकते. सख्ख्या भावंडांच्या संततीत कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजे झाकण निघण्याची शक्यता वाढते. खालचा जबडा आणि वरचा जबडा एकमेकांवर न बसणे हा सशातील असाच एक आनुवंशिक दोष आहे. दात झिजत नाहीत, वाढत जातात, वाकतात, टाळूत किंवा ओठात शिरतात. असा ससा भरल्या ताटासमोर उपाशी मरतो.

बाजारात ज्यांना अधिक भाव येतो त्या चिमुकल्या, आखूड कानांच्या बुटक्या सशांची गोष्ट तर मेंडेलचे नियम शिकवायला सोयीची आहे. सोयीची म्हणताना बरे वाटत नाही, पण आहे. हा बुटकेपणा एका बिघडलेल्या जनुकामुळे येतो. एचएमजीए-२ या जनुकातील एक तुकडा गळालेला असतो, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एक प्रत बिघडलेली असली की ससा बुटका आणि गोंडस. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की पिल्लू जन्मतःच फार लहान असते आणि काही दिवसांतच मरते. बुटका नर आणि बुटकी मादी एकत्र आणा आणि चौकट मांडा: चारांतील एक पिल्लू नेहमीच्या आकाराचे, दोन बुटकी, एक मरणारे. म्हणजे दोन बुटक्या सशांची जोडी लावणारा माणूस, सरासरीने दर चार पिल्लांमागे एक मरण ठरवूनच जोडी लावत असतो. हे त्याला माहीत नसेल, तर तो दोष अज्ञानाचा. तुम्हांला आता माहीत झाले आहे.

तसेच लोंबत्या कानांच्या सशांचे. कान लोंबले की कर्णनलिका अरुंद होते, मळ साठतो, जंतुसंसर्ग होतो. आपण गोंडस म्हणतो, त्याचा कान दुखतो.

"पण सर, जन्म पाहिल्याशिवाय मुलांना जीवशास्त्र कसे कळणार?" असे काही शिक्षक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. जन्म पाहण्याने मन हलते हे खरे. परंतु सशाचा जन्म पाहायला मिळतच नाही. मादी पहाटे, एकांतात, थोड्या वेळात मोकळी होते आणि कोणी डोकावले तर बिथरते. आपण पाहतो ती नंतरची पिल्ले, आणि तीही पाहू नयेत तेव्हा. आनुवंशिकता शिकवायची तर वाटाणा आहे, मक्याच्या कणसावरचे दाणे आहेत, काही नसेल तर दोन नाणी उडवूनही मेंडेलचे प्रमाण मिळते. शाळेच्या प्रयोगशाळेत सशांची वीण करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीच्या सुट्टीत शिपाईदादांवर बारा पिल्ले सोपवून जाणे यात विज्ञानही नाही आणि शिक्षणही नाही. त्याऐवजी वर्गाने एका सशाचे निरीक्षण करावे. तो दिवसात केव्हा खातो, मऊ गोळ्या केव्हा खातो, धोक्याची चाहूल लागली की मागचा पाय कसा आपटतो, खूश असला की हवेत कशी गिरकी घेतो, याच्या नोंदी सहा महिने ठेवल्या तर एक चांगला प्रकल्प होईल.

"मादीला एकदा तरी पिल्ले झाली पाहिजेत, नाहीतर तिची तब्येत बिघडते," असेही मोठी माणसे सांगतात. याला शास्त्रीय आधार नाही. उलट, चार वर्षांवरील माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो; काही पाहण्यांत निम्म्याहून अधिक माद्यांत तो दिसला आहे. त्यावर निश्चित उपाय म्हणजे तरुणपणीच निर्बीजीकरण. नराचे खच्चीकरण त्याहून सोपे. शस्त्रक्रिया म्हटली की आजी हळहळते, "मुक्या जिवाला कशाला कापता?" आजीचा कळवळा खोटा नाही. परंतु एका सशाला एक दिवस झालेली वेदना आणि शंभर पिल्लांची वजाबाकी, यांत निवड करायची आहे, हे आजीला सांगून पाहावे.

शेतकरी ससे पाळतातच की, असेही कोणी म्हणेल. राजस्थानातील अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिच्या कुलू खोऱ्यातील गारसा केंद्रात अंगोरा सशांवर काम चालते. तेथे प्रत्येक सशाची वंशनोंद असते, वजनाची नोंद असते, कोणाची जोडी कोणाशी लावायची हे नात्यांचा तक्ता पाहून ठरते. व्यवसायाचे नैतिक प्रश्न आणखी वेगळे आहेत आणि त्यांवर मतभेद होऊ शकतात. पण त्या धंद्यात पिल्लांचे काय करायचे हे जोडी लावण्यापूर्वी ठरलेले असते. आपल्या घरातल्या हौशीत नेमके तेवढेच ठरलेले नसते.

म्हणून माझे म्हणणे असे: पिल्लांची जबाबदारी जोडी लावण्याच्या दिवसाआधी सुरू होते. सहा पिल्ले होणार असतील तर सहा घरे आधी हवीत, आणि घर म्हणजे मित्राचा वर केलेला हात नव्हे. त्याच्या आई-वडिलांचा होकार, जागा, आणि नऊ-दहा वर्षांची तयारी. एखाद्या घराने मध्येच हात टेकले तर तो ससा परत घेण्याची तुमची तयारी हवी. नर-मादी नात्यातले नसावेत, दोघांचे दात-कान पशुवैद्याने पाहिलेले असावेत, हवा थंड असावी. एवढे जमवणारा एखादा असेल, तर मी त्याला अडवणार नाही. पण प्रामाणिकपणे मोजले तर शंभरांतल्या नव्वदांना, मला वाटते, हे जमणार नाही. त्यांनी पिल्ले होऊ देऊ नयेत. दुकानातून आणताना "दोन्ही माद्याच आहेत" या शब्दावर विसंबू नका. लहान पिल्लांचे लिंग ओळखण्यात सवयीची माणसेही चुकतात. दुकानाची नोंदणी आहे का हेही विचारा. २०१८ च्या नियमांप्रमाणे ससे विकणाऱ्या दुकानाला ती सक्तीची आहे.

आणि हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी आत्ताच नर-मादी एका पिंजऱ्यात आहेत, त्यांच्यासाठी आजचे काम. दोघांना आजच वेगळे करा. दोन पिंजरे शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे त्यांना एकमेकांचा वास येईल आणि सोबत तुटणार नाही. मधली जाळी दुहेरी असू द्या. नराचे खच्चीकरण केले तरी नंतर महिना-दीड महिना तो पिता होऊ शकतो, तेव्हा लगेच एकत्र करू नका. आजची तारीख भिंतीवर लिहा. मादी आधीच गाभण असू शकते, म्हणून लाकडाची एक पेटी वाळलेले गवत घालून आजच तिच्या पिंजऱ्यात ठेवा आणि पाण्याचे भांडे कधी रिकामे पडू देऊ नका. पिल्ले झाली तर एकदाच, हात धुऊन, मेलेले एखादे असेल तर बाजूला काढा आणि झाकण लावून घ्या. घरे शोधायला तुमच्याकडे आठ आठवडे आहेत. पस्तीस दिवस उलटले आणि पेटी तशीच राहिली, तर ती काढून ठेवा, आणि मादीला पशुवैद्याकडे नेण्याचा दिवस ठरवा.